तेलाचं बोट

डोंबिवली पूर्वेला गोग्रासवाडीतल्या ‘शरयू’ सोसायटीत कुणाचा मिक्सर कुरकुरला किंवा पंखा घरघरायला लागला, तर माणसं आधी इलेक्ट्रिशियनला फोन करत नाहीत. आधी दुसऱ्या मजल्यावर सरोज खांबेट्यांचं दार वाजवतात. सरोजबाई येतात, चष्मा काढतात, डोळे मिटतात आणि “हं, लावा” म्हणतात. ऐकण्यासाठी चष्मा का काढावा लागतो हे त्यांना विचारायची कुणाची टाप नाही. क्षणभराने डोळे उघडून त्या सांगतात, “बेअरिंग गेलंय,” किंवा “काही झालेलं नाही, पातं वाकलंय, झाडूच्या दांड्याने जळमटं काढलीत ना?” मग तो दांडा कुणी मारला यावरून त्या घरात भांडण जुंपतं, पण तो सरोजबाईंचा विभाग नव्हे.

त्यांचा विभाग आवाजाचा. वागळे इस्टेटमधल्या एका पंख्यांच्या कारखान्यात त्यांनी सबंध नोकरी एकाच खोलीत काढली. भिंतींना आतून बुचाचे तक्ते लावलेल्या त्या खोलीला सगळे ‘आवाजाची खोली’ म्हणत. तयार मोटर आत यायची, सरोजबाई कान द्यायच्या, आणि खडूने एक तर बरोबरची खूण व्हायची नाही तर फुली. त्यांनी फुली मारलेली मोटर पुन्हा पुढे नेण्याची हिंमत मॅनेजरलाही झाली नाही. कंपनीने आवाज मोजायचं महागडं यंत्र आणलं, तेव्हा ते यंत्र बरोबर सांगतंय की नाही हे बघायला फोरमनने सरोजबाईंनाच बोलावलं होतं. ही हकीकत त्या इतक्यांदा सांगत, की त्यांचे यजमान हरिहरराव तिचा शेवट त्यांच्या आधी सांगून मोकळे होत.

कारखान्याने त्यांना आणखी एक सवय लावली होती. खंडेनवमीला तिथे मशीन बंद ठेवून हत्यारांची, मापांची पूजा व्हायची. त्याआधी प्रत्येक घासलेल्या लोखंडाला तेलाचा पातळ हात फिरवायचा असे, कारण लोखंड उघडं ठेवणं हा त्या कारखान्यात गुन्हा होता. हे काम सरोजबाईंकडे होतं. त्यांचं बोट हलकं. तेल लावलंय हे दिसू नये पण हाताला कळावं, इतकंच लावायच्या. निवृत्तीच्या दिवशी लोकांनी त्यांना चांदीची समई दिली, आणि त्यांनी स्वतःहून मागून घेतली ती लांब चोचीची तेलाची डबी. ते विशिष्ट पिवळट तेल अजून कारखान्यातून कुणी ना कुणी आणून देतं. रॉकेल आणि मेणबत्ती यांच्या मधला काहीतरी वास त्याला येतो. हरिहरराव म्हणतात, आमच्या घरात उदबत्तीपेक्षा याचाच वास जास्त.

सोसायटीतही दसऱ्याच्या आदल्या दिवशी आणि दिवाळीच्या पाडव्याला गाड्यांची सामुदायिक पूजा असते. बायका हळदकुंकू, झेंडू घेऊन खाली उतरायच्या आधीच सरोजबाई डबी घेऊन एक फेरी मारून आलेल्या असतात. फाटकाच्या बिजागऱ्या, वॉचमनच्या सायकलची साखळी, घरोघरच्या विळ्या, शिवणयंत्रं, जिथे म्हणून गंजाचा लाल ठिपका दिसेल तिथे तेलाचं बोट लागलंच म्हणून समजा. त्याबद्दल कुणी आभार मानत नाही आणि त्यांची तशी अपेक्षाही नसते. ते काम पूजेआधी होतं, एवढंच सगळ्यांना माहीत.

तर अशा या सरोजबाईंचा कान दगा देऊ लागला होता.

सगळा नाही. माणसं बोललेली त्यांना नीट कळत, कुकरची शिट्टी कळे, खालच्या मजल्यावरच्या सुदेशचं फोनवरचं भांडण तर शब्दन् शब्द कळे. वरच्या पट्टीतले, बारीक, टोकदार आवाज तेवढे गुपचूप निघून गेले. आधी डास गेले. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सरोजबाईंनी उभं राहून सांगितलं, की यंदा डोंबिवलीत डास फारच कमी झालेत, महापालिकेला पत्र पाठवून कौतुक करायला हवं. बाकीचे सभासद त्या वेळी दंडावर, पोटरीवर चापट्या मारत बसले होते.

मग थर्मामीटर गेला. हरिहररावांना ताप आला तेव्हा सरोजबाई त्यांच्या काखेत थर्मामीटर ठेवून तो वाजायची वाट बघत बसल्या. वाट बघता बघता त्यांनी भाजी निवडून संपवली. शेवटी हरिहरराव हळूच म्हणाले, “वाजला गं मघाशीच.” तेव्हापासून थर्मामीटर लावला की ते स्वतःच सांगू लागले, “वाजला.” बायकोचा कान गेलाय हे नवऱ्याला कळलं होतं, नवऱ्याला कळलंय हे बायकोला कळलं होतं, आणि यावर घरात कुणी एक अक्षर बोललं नव्हतं. संसार मुरला की हे जमतं.

बोलणार तरी काय? बाकीच्या बायकांकडे सांगायला मुलं होती, परदेशवाऱ्या होत्या, पुरणपोळ्यांची ख्याती होती. सरोजबाईंना मूलबाळ नव्हतं आणि त्यांची पुरणपोळी फुटायची. त्यांच्याकडे कान होता. तोही गेला म्हटल्यावर आपल्या दारावर उद्या कोण कशाला टकटक करील?

आणि नेमकी अशातच सलिलची गाडी किंचाळायला लागली.

सलिल तिसऱ्या मजल्यावरचा. कॉम्प्युटर कंपनीत नोकरी, बायको आसावरी शाळेत शिक्षिका. तो कॉलेजात असताना जी लाल गाडी पोरं वहीच्या शेवटच्या पानावर काढत, ती त्याने आता, गाडीचं निम्मं आयुष्य सरल्यावर, कुणाकडून तरी घेतली होती. जुनी असली तरी जातीची पळणारी. चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि चाकं अशी जाळीदार की आतली पोलादी तबकडी रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसावी. डोंबिवलीत तिला तिसरा गिअर पडला तरी सलिल घरी येऊन सांगत असे. आसावरी तिला ‘तुझी ती’ म्हणायची. ‘तुझी ती’ सोसायटीत डाव्या बाजूने भिंतीला चिकटून उभी असे, आणि तिच्यावर एक चादर असे जी आसावरीच्या मते घरातल्या चादरींपेक्षा बरी होती.

दसरा झाला आणि ब्रेक लावला की गाडी ओरडायला लागली. कल्याण रोडवर असलेला सलिल आता घराकडे वळला हे आसावरीला चहा टाकायला वेळेवर कळू लागलं. शीळफाट्याच्या वाटेवर काळुराम म्हात्रेचं गॅरेज आहे. सलिल गाडी तिथे घेऊन गेला. दिवाळीच्या तोंडावर काळुरामकडे गाड्यांची रीघ लागलेली. त्याने ब्रेकचे पॅड बदलले, आतलं एक रबर बदललं, तबकड्या घासून पुसून दिल्या. गाडी गप्प झाली.

पाडवा झाला, आणि गाडी पुन्हा ओरडायला लागली.

“सण आला की रडते ती,” आसावरी म्हणाली. घरोघरी धुणंभांडी करणाऱ्या रखमाबाईंचं निदान सरळ होतं, लाल रंगाला दृष्ट लागते. त्यांनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. त्याने गुण आला नाही, तेव्हा एका संध्याकाळी ही तिघंही सरोजबाईंच्या दिवाणखान्यात येऊन बसली.

“काकू, आता तुम्हीच ऐका,” सलिल म्हणाला. “काळुरामलाही कळत नाहीये.”

दसऱ्यापासून सगळी सोसायटी ज्या आवाजाने वैतागली होती, तो सरोजबाईंनी एकदाही ऐकला नव्हता. गॅलरीत उभ्या असताना गाडी डोळ्यांसमोर येऊन थांबायची, शेजारच्या बाई कानावर हात ठेवायच्या, मग सरोजबाईही ठेवायच्या. आतापर्यंत तेवढ्यावर निभावलं होतं.

“आवाज नेमका कसा आहे, ते तुम्ही सांगा आधी,” त्या डॉक्टरच्या थाटात म्हणाल्या. “रोग्याकडून ऐकायची माझी पद्धत आहे.”

सलिलने दात आवळून “ईईईई” केलं. आसावरी म्हणाली, “छे, तसा नाही, फळ्यावर नख ओढल्यासारखा,” आणि तिने नाकातून काहीतरी काढून दाखवलं. रखमाबाईंना दोन्ही पटलं नाही. त्यांच्या मते पिपाणीत थुंकी अडकली की येतो तसा तो आवाज होता. त्यांनी उभं राहून, पदर खोचून तो केला, तेव्हा आतल्या खोलीतून हरिहरराव वर्तमानपत्र घेऊन धावत आले. सरोजबाईंनी तिघांचंही गंभीरपणे ऐकून मान हलवली. हरिहररावांनी बायकोकडे एकदा बघितलं, आणि ते आत गेले.

मग गाडीतून फेरी झाली. सरोजबाई सलिलच्या शेजारी बसल्या, काच खाली केली, चष्मा काढला, डोळे मिटले. सलिलने गल्लीत गाडी थोडी पळवून ब्रेक दाबला. “आला?”

“पुन्हा,” सरोजबाई म्हणाल्या.

त्याने पुन्हा दाबला. सरोजबाईंनी अर्धा डोळा किलकिला केला. वडापावच्या गाडीवरचा माणूस तोंड वेडंवाकडं करून बघत होता, आणि त्याच्या पायाशी झोपलेला कुत्रा उठून पलीकडे निघाला होता. म्हणजे आवाज आला होता. त्यांना मात्र इंजिनाची गुरगुर आणि टायर घासल्याची खरखर यापलीकडे काही मिळालं नव्हतं. इथेच “अरे, मला नाही येत ऐकू” म्हटलं असतं तर प्रकरण मिटलं असतं. पण सलिल त्यांच्याकडे अशा काही विश्वासाने बघत होता की ते त्यांना म्हणवेना.

“उजवीकडून येतोय ना, काकू?” तो म्हणाला. “सगळे तसंच म्हणतात.”

सगळे म्हणतात तेच सांगायचं तर सरोजबाईंकडे यायचं कशाला? “लोकांना तसं वाटतं,” त्या म्हणाल्या. “मागचं डावं चाक उघडायला सांग.”

बोलून गेल्या आणि त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. नोकरीत त्यांनी न ऐकता एकाही मोटरवर खूण केली नव्हती.

रविवारी सकाळी सलिलने त्यांनाही गॅरेजात नेलं. काकू सोबत असलेल्या बऱ्या, असं त्याचं म्हणणं. काळुराम हा रुंद खांद्यांचा, सावकाश बोलणारा माणूस. त्याने खुर्ची झटकून दिली, चहा मागवला, आणि मागचं डावं चाक खोललं. पॅड बघितले, तबकडीवरून हात फिरवला, ज्या पिनांवर पॅड दाबणारा ब्रेकचा पंजा सरकतो त्या हलवून बघितल्या.

“इथं काय नाय,” तो म्हणाला. “सगला झकास हाय.”

“असं कसं?” सलिल म्हणाला. “काकूंचा कान चुकत नाही. फॅक्टरीत मशीनपेक्षा यांच्यावर विश्वास ठेवायचे. तू पुन्हा बघ.”

काळुरामने पुन्हा बघितलं. सगळं सुटं करून, पुसून, परत बसवून बघितलं. सलिल शेजारी उकिडवा बसून मोबाइलची बॅटरी धरत होता आणि मधून मधून, “असणारच, काकू म्हणाल्यात,” असं म्हणत होता. सरोजबाईंच्या हातातला चहा गार झाला. एवढी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती. मॅनेजरने डोळे वटारले असते तरी चाललं असतं, पण हा पोरगा त्यांची बाजू घेऊन भांडत होता.

शेवटी काळुराम कुणाला न विचारता पलीकडे गेला आणि उजवीकडची चाकं उतरवू लागला. मग त्याने दोन पॅड आणून सरोजबाईंसमोरच्या फळीवर ठेवले.

“मावशे, हे बगा. तबकरीच्या दोन अंगांना दोन पॅड असतान. हा आतला. सुका हाय. हा बाहेरचा, तेल प्यालाय नि भाजून काचेवानी झालाय. म्हून तो वरडतंय.” त्याने पुढच्या चाकाचेही पॅड आणून ठेवले. तिथेही तसंच. “गेल्या टायमाला मना वाटला ब्रेकचा तेल आतून गलतंय, म्हून मी रबर बदलला. पन आतून गलता तर आतला पॅड भिजला असता. नि दोन चाका एकाच टायमाला कशी गलतील? हा तेल आतून नाय आला. बाहेरून आलाय.”

“बाहेरून म्हणजे?” सलिल उठून उभा राहिला. “कुणी आणून टाकलं?”

“ता मी कसा सांगू.”

सलिलचा चेहरा बदलला. “मी सांगतो. खालचा सुदेश. गाडीच्या आवाजावरून, पार्किंगवरून दर महिन्याला वाद घालतो. डावी बाजू भिंतीला असते, तिथे हात जात नाही, म्हणून उजवीच सापडली त्याला. बघतो त्याच्याकडे.”

सरोजबाई उठल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. उतरवलेलं चाक जमिनीवर पडलं होतं, त्याच्या आतल्या कडेला तेलाचे बारीक शिंतोडे उडून वाळले होते. त्यांनी त्यावर बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

रॉकेल आणि मेणबत्ती यांच्या मधला वास होता.

सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. खंडेनवमीची सकाळ, पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या जाळीतून दिसणारी तबकडी, घासलेलं लखलखीत लोखंड आणि त्यावर गंजाची तांबूस साय. बोटाला राहवलं नव्हतं. डबीची चोच जाळीतून आत घालून, फडक्याने तेलाचा हात फिरवला होता, दिसू नये पण कळावं असा. पाडव्याला गाडी काळुरामकडून चकचकीत होऊन आलेली बघून त्यांना बरं वाटलं होतं, आणि ती तशीच राहावी म्हणून त्यांनी पुन्हा हात फिरवला होता. डावी बाजू भिंतीला होती म्हणून राहून गेली, आणि तेवढं एक काम अर्धवट राहिल्याची रुखरुख त्यांना दिवाळीभर लागली होती.

गप्प बसणं शक्य होतं. कुणाला काही कळलं नसतं. सुदेश आणि सलिल यांचं एक भांडण झालं असतं, ती तशीही होत असतात. कान शाबूत राहिला असता, नाव शाबूत राहिलं असतं. हा विचार सरोजबाईंच्या मनात आला, हे इथे सांगितलंच पाहिजे. पण तो विचार पुरा व्हायच्या आत दुसरा आला. तेल लागलेलं ते लोखंड पंख्याचं नव्हतं. गाडी थांबवणारं होतं.

“सलिल, सुदेशने काही केलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “मी लावलंय तेल.”

सलिलला वाटलं काकू थट्टा करतायत. तो हसलासुद्धा.

“खंडेनवमीला लावलं, पाडव्याला पुन्हा लावलं. लोखंड उघडं दिसलं रे, गंज दिसला, आणि बोट गेलं. ब्रेकचं आहे हे डोक्यातच आलं नाही. मी आयुष्यात गाडी चालवलेली नाही, पण तेवढी अक्कल मला असायला हवी होती.”

सलिलचं हसू उतरलं. “काकू, पाडव्याला आसावरी शेजारी होती,” तो हळू आवाजात म्हणाला. “कल्याणला जाताना पुलाच्या उतारावर ब्रेक लागायला वेळ लागला. मला वाटलं गाडी धुतली म्हणून पाणी असेल. पुढे रिक्षा होती.”

तो ओरडला असता तर सरोजबाईंना बरं वाटलं असतं. त्यांनी पदराने बोट पुसलं, पण वास जाईना.

“आणि मागचं डावं?” सलिलने विचारलं. “ते कसं काय मग?”

“ते मी ठोकून दिलं.” आता थांबण्यात अर्थ नव्हता. “तुझ्या गाडीचा आवाज मला येतच नाही. एकदाही आलेला नाही. बारीक आवाज मला ऐकूच येत नाहीत आता. तू ब्रेक दाबत होतास आणि मी वडापाववाल्याचं तोंड बघत होते.”

रस्त्यावरून एक डंपर गेला तो सगळ्यांनाच ऐकू आला. मग काळुराम पॅड उलटसुलट करत म्हणाला, “तरी मी बोललू, ही गारी सणासुदीलाच कशी येते माज्याकरं.” आणि थोडं थांबून, “मावशे, एक इचारू? त्या तेलान गंज खराच धरत नाय?”

“नाही धरत,” सरोजबाई म्हणाल्या.

“मंग मना आना थोरा. माजे पाने पावसात पार सरतान.”

सलिलला आधी खोकला आला, मग तो हसायलाच लागला. मघासारखा मोकळा नाही, पण हसला. हसता हसता त्याने खुर्ची ओढून सरोजबाईंच्या मागे सरकवली. “बसा काकू,” तो म्हणाला. “उभ्या काय राहिलात.”

त्यानंतरचं काम सरोजबाईंनी चष्मा लावून, नीट डोळे उघडे ठेवून बघितलं. तेल प्यालेले पॅड धुऊन चालत नाहीत, ते फेकायचेच, असं काळुरामने सांगितलं. तबकड्यांवर फवारा मारून त्याने त्या पुसल्या, फडकं बदललं, पुन्हा पुसल्या, पांढऱ्या फडक्यावर डाग उठेनासा होईपर्यंत. पिना साफ करून त्यांना मोजकं ग्रीस लावलं, आणि पॅडच्या पाठीला थरथर शोषणारी पातळ पट्टी बसवली. घासणाऱ्या अंगाला तो स्वतःचं बोटही लागू देत नव्हता. बोटाचं तेलसुद्धा नको, तो म्हणाला. सरोजबाईंनी आपले दोन्ही हात मांडीखाली घेतले.

दरम्यान त्यांनी घरी फोन लावला. “अहो, मी सांगून टाकलं त्यांना.”

“काय?” हरिहररावांनी विचारलं.

“मला ऐकू येत नाही ते.”

“डासांचंही?”

“नाही. डासांचं नाही सांगितलं.”

“मग ते राहू दे,” हरिहरराव म्हणाले. “महापालिकेला पत्र जाऊन पोचलंय.” आणि मग वेगळ्याच आवाजात, “आपण डॉक्टरकडे जाऊ या सरोज. मी ठाण्याचे एक शोधून ठेवलेत केव्हाचे.” सरोजबाईंनी फोन ठेवला आणि बराच वेळ नाक पुसत राहिल्या. काळुरामला वाटलं फवाऱ्याचा वास लागला, म्हणून त्याने पंखा सुरू केला. पंख्याच्या बेअरिंगची घरघर त्यांना स्वच्छ ऐकू आली, पण त्या काही बोलल्या नाहीत.

नवे पॅड तबकडीवर बसायला हवेत, म्हणून गाडी मोकळ्या रस्त्यावर नेऊन वेग घ्यायचा आणि ब्रेक चांगला दाबून वेग उतरवायचा, पुन्हा घ्यायचा, पुन्हा उतरवायचा, गाडी मात्र पूर्ण थांबवायची नाही, मधे ब्रेकना थंड व्हायला वेळ द्यायचा, असं काळुरामने बजावलं. सलिलने सरोजबाईंसाठी पुढचं दार उघडलं.

“मला कशाला नेतोस?” त्या म्हणाल्या. “माझा काय उपयोग?”

“चला हो,” सलिल म्हणाला. “एकट्याला भीती वाटते. उतारावर घाबरलेलो मी तेव्हा.”

तळोज्याकडच्या रुंद रस्त्यावर रविवार म्हणून वर्दळ कमी होती. गाडीला तिसरा गिअर पडला, मग चौथाही पडला, आणि सलिलचा चेहरा पोरासारखा झाला. त्याने ब्रेक दाबला. सरोजबाई पट्ट्यात पुढे झुकल्या. गाडीने जमीन घट्ट धरली. पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. सरोजबाईंच्या तळपायांना खालून एक सरळ, जाड, न थरथरणारी पकड कळत होती. चांगल्या मोटरवर हात ठेवला की अशीच कळायची. चष्मा त्यांनी आज काढलाच नव्हता. काचेपलीकडे रस्त्याकडेला कलिंगडवाला बसला होता, त्याने गाडीकडे मान वर करूनही बघितलं नाही.

“काकू, आला का आवाज?” सवयीने सलिलने विचारलं, आणि मग त्याने जीभ चावली.

“मला नाही आला,” सरोजबाई म्हणाल्या. “तुला?”

सलिलने काच पूर्ण खाली केली, पुन्हा एकदा ब्रेक दाबला आणि कान देऊन ऐकलं. “मलाही नाही आला.”

दसऱ्यापासून पहिल्यांदाच त्या गाडीत बसलेल्या दोन माणसांना सारखंच ऐकू येत होतं.

“नक्की ना?”

“नक्की.”

“मग पास,” सरोजबाई म्हणाल्या. न ऐकता, दुसऱ्याच्या कानावर भरवसा ठेवून त्यांनी कुणाला पास केल्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी समोरच्या काचेखाली साचलेल्या धुळीत बरोबरची खूण काढली. काढण्यापूर्वी बोट पदराला दोनदा पुसून घेतलं.